जिन्यापर्यंत

चिमणने तिसऱ्यांदा हॉर्न दाबला, तरी वेवजीच्या नाक्यावर भिकीचा पत्ता नव्हता.

"संगिताबाय, निघू का आता? तिकडे गेट बंद झालं की सगळ्या मिळून मलाच शिव्या घालता," चिमण म्हणाला.

"थांब रे जरा. येईल ती."

जीपमध्ये दाटीवाटीने बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सगळ्या झरीच्या आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या. रोज सकाळी हद्द ओलांडून गुजरातच्या बाजूला कारखान्यात जायचं, दिवसभर पेनात रिफिली भरायच्या, टोपणं लावायची आणि संध्याकाळी परत यायचं. संगिताच्या शेजारची जागा भिकीची. ती दुसरं कुणी घेत नसे. आज पुन्हा ती रिकामी होती.

संगिताने फोन लावला. "कुठं आहेस गं?"

"आज नाय जमत," पलीकडून भिकी हळूच म्हणाली. "सासूला बरं नाय."

भिकीच्या सासूला संगिताने कालच तलासरीच्या बाजारात पाहिलं होतं. म्हातारी सुकटवालीशी अशी हुज्जत घालत होती, की अख्खी गल्ली ऐकत उभी होती. तरी संगिता फोनवर काही बोलली नाही. "काळजी घे," एवढंच म्हणाली, फोन ठेवला आणि चिमणला म्हणाली, "चल, काढ गाडी." पण तिच्या कपाळाची शीर उडायला लागली होती.

कारखान्याच्या दारातच सुपरवायझर हसमुखभाई उभा, भिकीची चौकशी करायला. "केम, तमारी बेनपणी आजे पण नथी आवी?"

"तिची सासू सिरियस आहे साहेब. दवाखान्यात नेली."

सासूला दवाखान्यात संगितानेच घातली. गेल्या आठवड्यात भिकीच्या पोराला ताप आणला होता, त्याच्या आधी दिराचं लगीन लावलं होतं. भिकी साधं, अर्धवट खोटं बोलायची आणि संगिता त्याला हातपाय फोडून हसमुखभाईपुढे उभं करायची. ह्याचाच तिला जास्त राग येई. खोटं बोलायचं एकीने आणि निस्तरायचं दुसरीने, ही कसली मैत्री?

आश्रमशाळेत दोघींचं अंथरूण एक होतं. भिकी बारीक, मुकी, कुणी ताटातलं उचललं तरी बघत बसणारी. संगिता तिच्या वाटचं भांडायची. पुढे संगिता झरीला दिली, भिकी वेवजीला, पण भांडणं संगिताकडेच राहिली. भिकीचं आधारकार्ड अडलं, तेव्हा संगिता तिला घेऊन तालुक्याला गेली. घरकुलाच्या यादीत नाव नव्हतं, तर संगिता ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाच्या टेबलासमोर फतकल मारून बसली. नाव लागलं, कुडाच्या झोपडीच्या जागी स्लॅबचं घर उभं राहिलं. कारखान्यातलं कामही तिनेच लावून दिलं. संगिताचं असंच होतं. मदत करायची म्हटली की ती अर्धी करायची नाही, आणि केलेली कुणाला कळल्याशिवाय राहायची नाही.

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीची जमीन हलत होती. आधी भांडी वाजायची, मग भिंतींना भेगा जायला लागल्या. लोकांनी अंथरुणं अंगणात काढली. शाळा झाडाखाली भरू लागल्या. साहेब लोक आले, ताडपत्र्या वाटून गेले, जमिनीची हालचाल मोजणारी यंत्रं बसवून गेले. डिसेंबरात एक दिवस काम चालू असताना धक्का बसला. बाकीच्या बायकांना कळायच्या आधी भिकी उठली होती. मुठीत रिफिलींचा जुडगा, पायात चप्पल नाही, अशी ती जी पळाली, ती गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. मागून सगळ्या बाहेर आल्या. कुणाला काही झालं नाही.

त्या संध्याकाळी जीपमध्ये सगळ्या गप्प होत्या, घाबरलेल्या. संगिताला तसली शांतता सहन व्हायची नाही. ती म्हणाली, "सरकारने उगाच एवढी यंत्रं बसवली. आमच्या वेवजीला भिकी आहे ना! जमिनीच्या आधी हीच हलते."

जीप हसून हसून फुटायची बाकी राहिली. चिमणने स्टिअरिंगवर हात आपटला. भिकीसुद्धा हसली. तेव्हापासून ती चढली की काळी नावाची बाई किंवा दुसरं कुणीतरी विचारायचंच, "काय यंत्रबाय, आज काय बोलतेय जमीन?" कारखान्यातही तेच नाव चाललं. आणि जानेवारीपासून भिकीचे खाडे सुरू झाले.

ह्या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं संगिताच्या मनातही आलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. तिच्या ओटीपोटात गाठ निघाली होती.

डहाणूला मसोलीच्या बाजूला एक दवाखाना होता. खाली दुकानं, वर दवाखाना. तिथल्या डॉक्टरने सोनोग्राफी बघून सांगितलं, गाठ मोठी आहे, काढायला लागेल. काढल्यावर तपासायला पाठवू. कसली आहे ते मग कळेल. "कसली आहे" हे शब्द डॉक्टर पटकन बोलून गेला, पण संगिताच्या कानात ते बसून राहिले.

तिचा नवरा शुक्रा पोरबंदरच्या बोटीवर खलाशी होता. बोट समुद्रात गेली की पंधरा-पंधरा दिवस फोन लागत नसे. घरात जाऊ होती, बारकी, पण तिला स्वतःची पोरं, संगिताची मुलगी सुनिता आणि घरची ढोरं, सगळं एकटीने बघायचं होतं. दीर नविन सही करायला येणार आणि लगेच कामावर पळणार. दवाखान्यात बाईजवळ बाईच लागते. संगिताला एकच नाव सुचलं.

ती मुद्दाम वेवजीला गेली. भिकी अंगणात ताडपत्रीच्या मांडवाखाली भाकऱ्या थापत होती. संगिताने गाठीचं सांगितलं, तसे भिकीचे हात थांबले.

"दुखतं का?"

"आता नाय. पण भीती वाटते गं. तू येशील ना? भूल देतात तेव्हा आणि शुद्धीवर येताना. बाकी मी बघेन."

"येईन," भिकी म्हणाली.

"नक्की? सासू, पोरगा, दीर, काय मध्ये आणायचं नाय."

"येईन म्हटलं ना."

मार्चमधल्या त्या सकाळी संगिता दवाखान्याच्या खाटेवर बसून जिन्याच्या दाराकडे बघत होती. नविनने सही केली, दोन केळी उशाशी ठेवली आणि तो गेला. नर्सने विचारलं, "सोबत कोण?" संगिता म्हणाली, "येतेय." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. "गाडी मिळाली नसेल. वेवजीवरून यायचं ना," संगिता म्हणाली. फोन लावला, तो बंद. पुन्हा लावला, तरी बंद.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिच्याजवळ तिची मुलगी मयुरा. वाडीवाले, म्हणजे चिकूच्या बागा असलेले लोक, बोर्डीकडचे. मयुराने दोनदा संगिताकडे पाहिलं आणि न राहवून विचारलं, "ताई, तुमचं कोणीच नाही का?"

"आहे ना. मैत्रीण येतेय. शाळेपासूनची आहे."

हे बोलतानाच संगिताच्या लक्षात आलं, की आपण हसमुखभाईपुढे बोलतो त्याच आवाजात बोलतोय. भिकीच्या वतीने पुन्हा एक खोटं. तिला स्वतःचीच चीड आली.

तिला आत नेलं तेव्हा जिन्याचं दार उघडंच होतं आणि त्यातून कुणी आलं नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा घसा सुकून लाकूड झाला होता. "भिके," ती म्हणाली. ओठांना ओला कापूस लागला. डोळे उघडले तर वर मयुराचं तोंड. पुढचे दिवस औषधं आणायला खाली मयुरा उतरली. संडासापर्यंत धरून मयुराने नेलं. आईसाठी आणलेल्या डब्यातली मऊ खिचडी मयुराने तिला भरवली. एक परकी, जातीची ना पातीची बाई. संगिता तिला हात जोडायची आणि जोडताना डोळ्यांत पाणी यायचं, ते उपकाराचं कमी आणि संतापाचं जास्त. भिकी आली नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या नाही, घरी सोडेपर्यंत नाही. फोनही नाही.

टाके निघाले आणि थोडं चालता यायला लागलं, तशी बारकीचं न ऐकता ती चिमणच्या जीपमध्ये बसली आणि वेवजीला उतरली. वाटभर तिने मनातल्या मनात भांडण पुरं करून ठेवलं होतं.

भिकी मांडवाखाली तांदूळ निवडत होती. चूल, हंडे, कपड्यांची दोरी, पोराचं दप्तर, सगळं अंगणात. मागे घरकुलाचं दार सताड उघडं, बंद होऊ नये म्हणून त्याला मोठा धोंडा लावलेला.

"बस," भिकी म्हणाली.

"बसायला नाय आली. विचारायला आली. मी मेली असती तर?"

"असं नको बोलू."

"मग कसं बोलू? काय होतं त्या दिवशी? सासू? पोरगा? बोल की, आज कोणाला आजारी पाडणार?"

भिकीने सूप खाली ठेवलं. "आली होती मी."

"कुठं?"

"दवाखान्यात. जिन्यापर्यंत."

"म्हणजे?"

"थोड्या पायऱ्या चढली. वरचा स्लॅब डोक्यावर यायला लागला. पाय उचलेना. खाली उतरली, रस्त्यावर उभी राहिली, परत चढली. परत तसंच. मग गाडी पकडून घरी आली."

"जिन्यापर्यंत!" संगिताचा आवाज चिरकला. "जिन्यापर्यंत येऊन माझ्या काय कामाचं? मी वर होती, भिके. वर! घसा सुकून तुझं नाव घेत होती, आणि पाणी पाजलं कोणी, तर एका वाडीवालीने."

"माहीत हाय मला. चुकलं माझं."

"चुकलं तर नंतर फोन करायचास. सांगायचं, की बाय, मला भीती वाटते स्लॅबची. जानेवारीपासून खाडे करतेस, ते ह्याच्यासाठीच ना? मग सांगायचं होतंस मला."

"तुला?" भिकी म्हणाली.

ती वर बघत होती. आवाज चढलेला नव्हता. तो एकच शब्द तिने असा उच्चारला, की संगिताला तो पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला.

"मला नाय तर कोणाला?"

"तुला सांगितलं की जीपला कळतं. जीपला कळलं की कारखान्याला. मग मी दिसली की सगळ्या भिंतीला हात लावतात आणि पळायचं नाटक करतात. ती काळी तर माझ्या टेबलाखालून लाथ मारायची, टेबल हलवायला."

"ते थट्टेत होतं गं! तू पण हसायचीस."

"सगळ्या हसतात तेव्हा काय करू? जीपमधून उडी मारू?"

संगिता काहीतरी उत्तर शोधत होती. तिला सापडलं ते नेहमीचंच. "आणि मी तुझ्यासाठी त्या हसमुखभाईपुढे खोटं बोलून बोलून तोंड झिजवलं, ते?"

"मी कधी सांगितलं खोटं बोल म्हणून?"

"नसती बोलली तर काम गेलं असतं तुझं."

"गेलं असतं तर बरं झालं असतं. रोज सकाळी तुझा फोन वाजायचा. धक्क्याची भीती एक, तुझ्या फोनची दुसरी."

आता मात्र संगिताचा तोल गेला. "हे घर कोणी मिळवून दिलं तुला? ग्रामसेवकाच्या टेबलासमोर कोण बसली होती?"

भिकीने मान वळवून घराकडे पाहिलं. उघडं दार, आतला काळोख. "तूच," ती म्हणाली.

त्यानंतर तिथंच गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं संगिताला येत नव्हतं. समोरचं दुःख दिसलं की त्याचा पाय धरून ओढून बाहेर काढायचं, एवढंच तिला ठाऊक होतं. तिने भिकीचं मनगट धरलं. "चल. उठ. आत्ताच्या आत्ता दोघी आत जाऊ. मी आहे ना! दोन मिनिटं आत बसू, काय होत नाय ते बघ. भीती अशीच मोडायची असते."

"नको, संगिता."

"अगं चल तर!"

भिकी उंबऱ्यापर्यंत आली. जमिनीकडे बघत आत एक पाऊल टाकलं. संगिता तिला पुढे खेचत होती आणि "बघ, बघ, काय झालं का?" म्हणत होती. तेवढ्यात संगिताच्याच पायाने दाराचा धोंडा सरकला आणि दार कुरकुरत थोडं लोटलं गेलं. भिकीच्या तोंडून एक आवाज निघाला, ढोराच्या नरड्यातून निघावा तसा. तिने हात हिसडला, संगिताला ढकललं, दाराला कोपर आपटून घेत ती बाहेर पळाली आणि मांडवाच्या खांबाला धरून भडाभडा ओकली. संगिता भिंतीवर आदळली. पोटातून कळ गेली, ती तिथेच खाली बसली.

बऱ्याच वेळाने भिकीचा नवरा उमेश कामावरून आला, तेव्हा दोघी अंगणाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. एकीने पोट धरलेलं, दुसरीने कोपर. उमेशने दोघींकडे पाहिलं, हंड्यातलं पाणी आधी भिकीला दिलं, मग संगिताला. मग दाराला धोंडा पुन्हा लावला.

"आत नेली होती का?" त्याने विचारलं.

संगिताने मान डोलावली.

"त्या एका धक्क्याला दार अडकलं होतं, संगिताबाय. चौकट वाकडी झाली. ही आत एकटी. वरून प्लास्टर पडतंय, दार उघडेना. पाड्यावर माणूस नाय. मी आलो तेव्हा पहारीने उघडलं. नखं मोडली होती हिची दारावर. कोणाला सांगू नको म्हणाली, म्हणून नाय सांगितलं."

"कधी?" संगिताने विचारलं.

"कारखान्यातून पळाली होती ना, त्याच्या आदल्या आठवड्यात."

संगिताने भिकीकडे पाहिलं. भिकी दुसरीकडे बघत होती.

"तुम्ही लय केलंय आमचं, नाय म्हणत नाय," उमेश म्हणाला. "पण आता जरा सोडा तिला."

परतताना संगिताला रडू आलं नाही, राग आला. आधी भिकीचा. एवढं होऊन आपल्याला कळू दिलं नाही, म्हणून. मग उमेशचा, मग डॉक्टरचा, जिन्याचा, मयुराचासुद्धा. घरी पोचल्यावर बारकीने विचारलं, "भेटली का मैत्रीण?" तर तिच्यावरही ती खेकसली. बारकीला काहीच कळेना. रागाला कुठे बसवावं हेच संगिताला समजत नव्हतं. फिरून फिरून तो आपल्याच दाराशी येऊन उभा राहायचा, आणि तिथे त्याला आत घ्यायची तिची तयारी नव्हती.

एप्रिलच्या मध्याला ती कामावर परतली. गाठीचा रिपोर्ट आला होता. साधी गाठ होती, भ्यायचं काही नव्हतं. जीपमधल्या बायकांनी एकदाच "बरं झालं बाय" म्हटलं आणि विषय संपला. वेवजीच्या नाक्यावर चिमणने सवयीने गाडी हळू केली. तिथे कुणी नव्हतं.

"आपलं यंत्र बंद पडलं वाटतं कायमचं," तो म्हणाला. हशा झाला.

"ते बोलायचं बंद करा आता," संगिता म्हणाली.

"का गं? तूच तर काढलेलं नाव," काळी म्हणाली.

"मी काढलं म्हणून मीच सांगते. बंद करा."

"आली मोठी! आपण थट्टा करायची तेव्हा गोड, दुसऱ्याने केली की कडू," काळी म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या, आधीपेक्षा जास्त. संगिता ओरडली, चिडली, एकदा तर चिमणला गाडी थांबवायला लावली. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांना नवीन खेळ मिळाला. भिकीचं नाव घ्यायचं आणि संगिता कशी भडकते ते बघायचं. तिने घडवलेली थट्टा आता तिच्या हातची राहिली नव्हती.

हसमुखभाईने विचारलं तेव्हा तिच्या जिभेवर नवीन आजार तयार होता. खरं सांगावं असंही वाटलं. पण खरं सांगायचं म्हणजे दार, नखं, सगळं त्याच्या हाती द्यायचं. ती म्हणाली, "ती नाही येणार. तुम्ही जागा भरा."

"पाक्कु?"

"हो. पक्कं."

दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये तिच्या शेजारी काळी बसायला लागली. काळीला गप्पा फार. संगिता खिडकीतून बाहेर बघत राही आणि तिला वाटे, हे बरोबर केलं का? बरोबर केलं असेल, तर एवढं वाईट का वाटतंय? आजवर कुणासाठी काही केलं की छाती भरून यायची. हे असं पहिल्यांदाच केलं होतं, जे कुणाला सांगता येत नव्हतं, आणि ज्याने आपलंच माणूस दूर गेलं होतं.

फोन करावा असं तिला रोज वाटे. "धक्क्याची भीती एक, तुझ्या फोनची दुसरी," हे आठवे आणि हात मागे येई.

मेच्या मध्यावर बारकीकडून कळलं, की भिकीला काम लागलं आहे. बोर्डीकडे धनेश नावाच्या बागायतदाराच्या चिकूवाडीत. दिवसभर झाडाखाली, वर छप्पर नाही. संगिताला बातमी ऐकून आनंद व्हायला हवा होता. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की मला का नाही विचारलं? त्या दवाखान्यातली मयुरा तिकडचीच होती. एक शब्द टाकला असता, तर ह्याहून चांगलं काम लावून दिलं असतं. मग ती स्वतःशीच म्हणाली, गप बस.

डॉक्टरने पुन्हा तपासायला बोलावलं होतं. सुट्टीच्या दिवशी ती डहाणूला जाऊन आली. डॉक्टरने सगळं ठीक असल्याचं सांगितलं, आणि येताना ती बोर्डीला उतरली. विचारत विचारत वाडीत पोचली. झाडांखाली गार होतं. चिकूंचा ढीग घालून पाच-सहा बायका मोठे, मध्यम, बारीक असे वेगळे करत होत्या. त्यांत भिकी होती. डोक्याला फडकं, हात चिकूचा चीक लागून काळपट झालेले. ती शेजारणीशी काहीतरी बोलत होती. चक्क मोठ्याने.

संगिताला बघून ती थांबली. मग तिने बाजूचं पोतं सरकवून जागा केली.

"कोपर कसं आहे?" संगिताने विचारलं.

"बरं."

"मी तिकडे सांगून टाकलं. तू येणार नाय म्हणून."

"कळलं मला. पैल्यांदा मला न विचारता केलेलं बरं वाटलं."

हे कौतुक की टोमणा, संगिताला उलगडलं नाही. उलट बोलायला तोंड उघडलं होतं, ते तिने मिटलं. भिकी चिकू निवडत राहिली आणि हळूहळू बोलायला लागली. मुकादम कसा खडूस आहे. चिकूला नखाने जरा खरवडलं, की आत हिरवं दिसतं का पिवळं, त्यावरून तो तयार झाला का ते कसं ओळखायचं. समोर बसलेली, कुणा हाल्याची बायको, रोज डब्यात तेच ते आणते. संगिताला त्यातल्या कशातच रस नव्हता. चिकूचं हे सगळं मोजक्या शब्दांत सांगून व्हायला हवं होतं. तिच्या जिभेवर निदान दहा सल्ले येऊन गेले: मुकादमाशी असं बोल, मालकाला तसं सांग. ते सगळे तिने गिळले. गिळताना तिला कळलं, की शाळेपासून आजवर भिकी आपल्यासमोर इतका वेळ सलग कधी बोललीच नव्हती. की बोलली होती आणि आपण मध्येच तोडलं होतं?

मुकादम लांबून ओरडला, "ए, पाहुणी आली म्हणून हात थांबवायचे नाहीत."

भिकीने तिकडे बघितलंही नाही. हातातला चिकू खाली ठेवला, हात फडक्याला पुसले आणि पाय दुमडून ती संगितासमोर नीट वळून बसली.

"गाठ कसली होती गं? काय म्हणाला डॉक्टर?"

दोन महिने झाले होते. हा प्रश्न ह्या तोंडून यावा, म्हणून संगिताने किती वाट पाहिली होती! आता तो आला, तर तिला आनंदाआधी रागच आला. इतक्या उशिरा, चिकूच्या ढिगाशेजारी, मुकादम ओरडत असताना. "आता विचारतेस?" असं ती म्हणणारच होती.

"साधी होती," ती म्हणाली. "पण आधी माहीत नव्हतं ना. मला वाटलं, मी सुनिताला बघणारच नाय परत."

पुढे काय सांगावं ते तिला सुचेना. जगाच्या गोष्टी तिने जगाला सांगितल्या होत्या, पण ही कशी सांगायची असते ते तिला येत नव्हतं. ती अडखळली. भिकीने घाई केली नाही.

"सकाळी नविनने केळी ठेवली आणि गेला," संगिताने पहिल्यापासून सुरुवात केली. "मग नर्स आली..."